अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आलंय? थायरॉइडच्या पहिल्या वर्षासाठी

लॅबमधून मोबाइलवर पीडीएफ येते. टीएसएचचा आकडा ठळक अक्षरात, त्याखाली अँटी-टीपीओ, आणि तो आकडा कधी तीनशे तर कधी हजाराच्याही वर. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची मिळालेली असते. ते दोन दिवस आणि रात्री माणूस मोबाइलवर वाचत बसतो आणि जास्तच घाबरतो. हा लेख त्या दोन दिवसांसाठी आहे, आणि पुढच्या वर्षभरासाठीही.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं हाशिमोटोची, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याच्या आजाराची, गोळी घेते आहे. आमच्याकडे नणंद घेते, मावसबहीण घेते, निफाडच्या वहिनी घेतात. नाशिकला इंदिरानगरात आमच्या कॉलनीत कुणाचा नवा रिपोर्ट आला की त्या बाई आधी माझं दार वाजवतात. एवढ्या जणींचं बघून माझं एक ठाम मत झालंय. आजार आटोक्यात राहणारा आहे. बहुतेकींना त्रास होतो तो गोळी चुकीच्या वेळी घेतल्यामुळे, मध्येच सोडल्यामुळे आणि दर पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढून डोस बदलत बसल्यामुळे. म्हणून गोळीबद्दल मी इथे सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

आधी रिपोर्ट नीट वाचा

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असलेली ग्रंथी. ती टी-फोर आणि टी-थ्री ही संप्रेरकं तयार करते. शरीराचा वेग त्यांच्यावर ठरतो: हृदयाचे ठोके, पचन, अंगातली ऊब, पाळी, केस, मनाचा उत्साह, सगळंच. टीएसएच मात्र थायरॉइडमधून येत नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून, आणि थायरॉइडला कामाला लावणं हे त्याचं काम. द्राक्षाच्या बागेत मजूर कमी पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसं हे आहे. टी-फोर कमी पडलं की टीएसएच वाढतं. म्हणजे टीएसएच जास्त असेल तर थायरॉइड कमी काम करतोय, आणि टीएसएच अगदी तळाला गेलं असेल तर थायरॉइड जास्त काम करतोय. नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो तो इथेच.

बहुतेक लॅबमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ पर्यंत नॉर्मल धरतात. ते १० च्या वर असेल, किंवा फ्री टी-फोर (रक्तात मोकळं असलेलं टी-फोर) कमी असेल, तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. ४.५ ते १० च्या मध्ये असेल आणि फ्री टी-फोर नॉर्मल असेल, तर लगेच गोळी लागेलच असं नाही. वय, लक्षणं, कोलेस्टेरॉल आणि मूल हवं आहे का, हे बघून ठरतं. सत्तरीच्या पुढे टीएसएच थोडं जास्त असणं चालतं. तेव्हा तुमच्या आईचा ६ चा रिपोर्ट आणि तुमचा ६ चा रिपोर्ट एकाच मापाने मोजू नका.

आता अँटी-टीपीओ. आपली रोगप्रतिकारशक्ती चुकून आपल्याच थायरॉइडवर हल्ला करते, त्या हल्ल्याची खूण म्हणजे रक्तातली ही अँटीबॉडी. हळूहळू ग्रंथी खराब होत जाते आणि संप्रेरक कमी पडायला लागतं. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये अशा ग्रंथींचं पहिल्यांदा वर्णन केलं म्हणून आजाराला त्यांचं नाव आहे. आकडा हजार आला म्हणजे तीनशेवाल्यापेक्षा तिप्पट आजार, असा हिशोब नसतो. एकदा पॉझिटिव्ह आलं की निदानाचं काम झालं. ही तपासणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करायची गरज नाही. उपचार ठरतो टीएसएच आणि फ्री टी-फोरवरून. मला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण अँटीबॉडी कमी करण्यासाठी महागड्या पावडरी घेणाऱ्या बायका मी बघते आणि वाईट वाटतं.

अँटीबॉडी आहेत पण टीएसएच नॉर्मल आहे, असंही असतं. मग गोळी नाही, वर्षातून एकदा टीएसएच. अशा स्त्रियांपैकी दरवर्षी शंभरात साधारण दोघींचा थायरॉइड पुढे कमी पडतो. टीएसएचही आधीच वाढलेलं असेल तर चौघींचा.

सोनोग्राफीत ग्रंथी खडबडीत किंवा असमान दिसते असं लिहून आलं तर ते हाशिमोटोत नेहमीचंच आहे. गाठ लिहून आली असेल तर ती वेगळी दाखवून घ्या.

कुणाकडे जायचं

साध्या हाशिमोटोसाठी आपले फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन पुरेसे असतात. थायरॉइड जास्त असेल, दिवस राहिले असतील, हृदयाचा त्रास असेल, डोळ्यांवर परिणाम दिसत असेल किंवा डोस वर्षभर बसतच नसेल, तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांचा तज्ज्ञ, गाठावा. गंगापूर रोड, कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, मुंबई नाका या पट्ट्यात खासगी दवाखाने पुष्कळ आहेत. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल, नाशिकरोडचं महापालिकेचं बिटको रुग्णालय, आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल आहे. केस पेपर काढतानाच विचारून घ्या, थायरॉइडची तपासणी तिथे होते का आणि कोणत्या दिवशी. आजार आयुष्यभराचा आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं परवडेल अशीच जागा निवडा. गोळी स्वतः फार महाग नाही, आणि जनऔषधी केंद्रातही चौकशी करता येते.

गोळी

नाव लिव्होथायरॉक्सिन. बाजारात थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा नावांनी मिळते. हे तेच टी-फोर आहे जे तुमची ग्रंथी बनवत होती, कमी पडलेलं बाहेरून दिलं जातं इतकंच. म्हणून एकदा लागली की सुटत नाही, यात भीतीचं काही नाही. ग्रंथी पूर्ण थकली असेल तर डोस साधारण दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम बसतो. साठ किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. पण वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतात. शेजारणीचा डोस शंभर आणि माझा पन्नासच का, हा प्रश्न म्हणून निरर्थक आहे.

सकाळी उठल्यावर, तोंड धुतलं की, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, लिंबू-मधाचं पाणी नाही. आपल्याकडे अडचण येते ती चहाचीच. डोळे उघडल्याबरोबर चहा लागतो, आणि रविवारी तर सकाळी सातलाच मिसळ खायला सगळे गाडीत बसलेले असतात. गोळी उशाशी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवा. उठल्याउठल्या घ्या, मग आंघोळ, पूजा, डबे. तोपर्यंत तास होतोच.

ही गोळी आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या गोळ्याही डॉक्टरांना सांगा. बाळंतीण बाईला आणि चाळिशीपुढच्या बाईला कॅल्शियम-लोह सर्रास लिहून दिलेलं असतं, आणि दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिल्यामुळे ते एकमेकांना माहीत नसतं.

आमच्या निफाडच्या वहिनींचं उदाहरण सांगते. टीएसएच कितीही केलं तरी दहाच्या खाली येईना. दर वेळी डोस वाढायचा. मी काढणीच्या दिवसांत त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा सकाळ बघितली. अंधारातच मजूर आलेले, ओट्यावर चहाचं मोठं पातेलं उकळतंय, वहिनी एका हाताने कप भरतायत आणि दुसऱ्या हाताने बाटलीतून गोळी काढून चहाच्याच घोटाबरोबर गिळतायत.

"वहिनी, गोळी चहाबरोबर घेता?"

"अहो ताई, नाहीतर राहूनच जाते. तासभर थांबायला सकाळी वेळ कुठाय?"

सकाळी वेळ नव्हताच, हे खरं होतं. डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळी रात्रीवर नेली. काढणीत जेवणं सातलाच उरकतात, झोपायला दहा वाजतात. जेवणानंतर तीन तास गेले की गोळी घ्यायची आणि दिवा मालवायचा. रात्रीचं कॅल्शियम दुपारच्या जेवणावर नेलं. दोन महिन्यांनी टीएसएच इतकं उतरलं की डोस कमी करावा लागला. गोळी तीच, माणूस तेच.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांनी घड्याळ धरू नये, झोप धरावी. झोपून उठलात की गोळी, मग ते सकाळचे सहा असोत की दुपारचे दोन. रोजचा क्रम सारखा राहिला म्हणजे झालं.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरायचं कारण नाही. हे औषध रक्तात अर्ध्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. त्याच गुणामुळे दुसरी गोष्टही होते: डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी तपासलं तर अर्धवट आकडा मिळतो आणि त्यावरून डोस बदलला की सगळं चक्र पुन्हा सुरू. आकडा बसला की मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने.

कंपनी शक्यतो बदलू नका. मेडिकलवाल्याने तीच पॉवर आहे म्हणून दुसरी दिली, तर दोन महिन्यांनी टीएसएच बघा. बाटली ओट्यावर गॅसपाशी, बाथरूममध्ये किंवा एप्रिलच्या उन्हात गाडीत ठेवायची नाही. उष्णता, उजेड आणि दमट हवेने गोळी कमजोर होते.

वजन उतरावं म्हणून मनाने डोस वाढवणं फार धोक्याचं आहे. हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. थायरॉइड कमी असल्यामुळे वाढलेलं वजन साधारण दोन ते पाच किलोच असतं, त्यातही पाणी बरंच. त्यापुढचं वजन खाण्या-चालण्यानेच जातं. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान गाठा, पण गोळीला हात लावू नका.

सॅम्पल द्यायच्या दिवशी

आधी सॅम्पल, मग गोळी. गोळी पर्समध्ये न्या आणि लॅबमधून बाहेर पडताना घ्या. दर वेळी शक्यतो तीच लॅब आणि तीच सकाळची वेळ, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होत असतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेणारी आणि केस गळतात म्हणून थायरॉइड तपासणारी बाई बहुधा एकच असते. डेंग्यू, टायफॉइड अशा मोठ्या तापात किंवा त्यानंतर लगेच तपासणी करू नका. आजारपणातही आकडे हलतात.

थायरॉइड जास्त असेल तर

बहुधा हाही त्याच कुळातला आजार असतो, नाव ग्रेव्हज. इथे अँटीबॉडी ग्रंथीला जास्त काम करायला लावतात. खाऊनही वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, काहींचे डोळे मोठे आणि बाहेर आल्यासारखे दिसतात. उपचार वेगळा. बहुधा कार्बिमॅझोल नावाची गोळी साधारण बारा ते अठरा महिने देतात. त्याने भागलं नाही तर रेडिओॲक्टिव्ह आयोडिन किंवा शस्त्रक्रिया. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा डोळ्यांचा त्रास वाढतो, त्यामुळे ती सोडणं हा उपचाराचाच भाग.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आणि घसा दुखणं, तोंड येणं असं झालं, तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करायची. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात, आणि तेव्हा एक दिवसही महत्त्वाचा असतो.

खाण्याचं काय

कोबी, फ्लॉवर, बाजरीची भाकरी सोडा, असं कुणीतरी सांगतंच. शिजवलेला कोबी-फ्लॉवर आणि रोजच्या जेवणातली बाजरी यांना घाबरण्यासारखं काही नाही, मीठ आयोडिनचं असलं म्हणजे झालं. सोयाबीन गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. गहू सोडायची गरज सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असणाऱ्यांनाच. तो आजार थायरॉइडबरोबर आढळतो, म्हणून सतत जुलाब, अशक्तपणा असेल तर तपासून घ्या.

मिठाबद्दल मात्र सांगते. रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरायची पद्धत बऱ्याच घरांत आली आहे. त्यात बहुधा आयोडिन घातलेलं नसतं. नवरात्रात किंवा एकादशीला चालेल, वर्षभर नको. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं, ते साध्या आयोडिनयुक्त मिठातून मिळतं. पण थायरॉइड आहे म्हणून आयोडिनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका. हाशिमोटोत जादा आयोडिनने ग्रंथी आणखी बिघडू शकते. अश्वगंधा घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिने थायरॉइडचे आकडे वाढू शकतात.

उपवासाला गोळी बंद करायची नाही. वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांनी बाटली पिशवीत नाही, खिशात ठेवावी, कारण पिशवी कुणाच्या तरी गाडीत पुढे निघून जाते.

दिवस राहिले तर

हा भाग सुनेने आणि सासूबाईंनी दोघींनी वाचावा. पहिल्या तिमाहीत बाळ थायरॉइडसाठी पूर्णपणे आईवर अवलंबून असतं, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागतं. म्हणून "गरोदरपणात कसल्याच गोळ्या नकोत" हे इथे लागू नाही. लिव्होथायरॉक्सिन सुरक्षित आहे आणि ती चालूच ठेवायची. उलट गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. निम्म्या दिवसांपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच होतं. मूल हवं असेल तर आधीच टीएसएच २.५ च्या खाली आणायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. कार्बिमॅझोल चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच बोलून घ्या, सुरुवातीच्या महिन्यांत औषध बदलावं लागू शकतं.

बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींना थायरॉइड नव्यानेच बिघडतो, आधी जास्त आणि मग कमी. बाळंतीण खूप थकते, रडते, दूध पाजताना छाती धडधडते, आणि सगळे म्हणतात जागरणामुळे होतंय. एक टीएसएच करून घ्या. पुष्कळदा हा त्रास वर्षभरात आपोआप निवळतो, पण कळायला हवा.

घरच्यांनो

एप्रिलमध्ये नाशिक चाळिशीला टेकलेलं असताना घरातली एक व्यक्ती पंखा बंद करून गोधडी मागत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. टीएसएच वाढलेलं असताना जिना चढणंसुद्धा जड जातं, शब्द आठवत नाहीत, विनाकारण रडू येतं. गोळी सुरू केल्यावर चार दिवसांत फरक दिसत नाही, केस तर काही महिने घेतात. त्या काळात तिला कामात हातभार लावा आणि सकाळचा चहा तासभर उशिरा करा, सगळ्यांचाच.

आकडा नॉर्मल येऊनही थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह आणि ड जीवनसत्त्व बघा. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर ते थायरॉइडमुळेही असू शकतं. आधी टीएसएच बसू द्या, मग ते पुन्हा तपासा. मन सतत खाली राहत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजायचं कारण नाही.

लगेच दवाखाना गाठायच्या वेळा थोड्या आहेत: छातीत दुखणं किंवा न थांबणारी धडधड, गळ्यावरची सूज भराभर वाढणं, गिळायला त्रास होणं किंवा आवाज बसणं, आणि गोळी सोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग गार पडून ते गुंगीत जाणं.

शेवटी फाइल. एक साधी प्लास्टिकची फाइल करा. पहिल्या पानावर एका ओळीत तारीख, टीएसएच, फ्री टी-फोर, त्या वेळचा डोस आणि कंपनी लिहीत जा. बाकीची औषधं पानाच्या मागे. डॉक्टर बदलले, मुलाकडे पुण्याला गेलात, तरी हे एक पान दाखवलं की काम होतं. त्याच पानावर बहिणीचं आणि मुलीचं नाव लिहून ठेवा आणि त्यांचं टीएसएच एकदा करून घ्या. हा आजार रक्ताच्या नात्यात येतो, बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी पटीने जास्त. भावाला लक्षणं दिसली तर त्यालाही सोडू नका.